चौथ्या प्रकरणाचा आधार

३ जून

दादा,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं दादा. नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र बघून कोणी गेलंबिलं की काय असं वाटेल तुला, तर तसं काही नाही. सगळे धडधाकट आहेत. तुझा पत्ता तुमच्या धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयात फोन करून घेतला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, आपण कोण. म्हटलं, पाठ्यपुस्तक खात्यातून बोलतेय. खोटं नव्हतं.

कामही खात्याचंच आहे. सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी आम्ही एक हस्तपुस्तक काढलं होतं, पिवळ्या पुठ्ठ्याचं, 'वर्गात शिकवताना' नावाचं. त्याची आता नवी आवृत्ती निघतेय. या वेळी खात्याने एक तक्ता पाठवलाय. प्रत्येक प्रकरणापुढे 'आधार' असा रकाना आहे आणि मजकूर कुठून घेतला ते त्यात भरायचं. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात टीप आहे : 'धर्मग्रंथ, धर्मविचार अथवा धार्मिक प्रवचन यांवर आधारलेला मजकूर वगळण्यात यावा.' टिपेबद्दल माझी तक्रार नाही. शाळा सगळ्यांची आहे, तिथे कोणा एकाचा देव नको, हे मी तुला पूर्वीही सांगत आले आणि आजही सांगेन.

सात प्रकरणांपैकी सहांचा आधार भरून झाला. चौथं राहिलंय. 'प्रश्न विचारल्यानंतर' हे त्याचं नाव. लिहिलं मीच, पण इतकी वर्षं झाली, कुठून सुचलं ते नीटसं आठवत नाही. तुझं वाचन दांडगं. या विषयावर एखादं पुस्तक आठवत असेल तर नाव कळव. धर्माचं नको, साधं शिक्षणशास्त्राचं बघ. पंचवीस जुलैला समितीची बैठक आहे, त्याच्या आत मिळालं तर बरं.

बाकी ठीक. आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर गच्चीवर कुंड्या मांडायचं खूळ लागलंय. बारकी शिक्षिका झाली, प्राथमिक शाळेत, तिसरीचा वर्ग आहे तिच्याकडे. तू गेलास तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. अजून वाढदिवसाला म्हणते, मामा असता तर त्याने पुस्तक दिलं असतं आणि वर परीक्षाही घेतली असती.

उत्तराची वाट बघते.

धाकटी


२० जून

दादा,

सतरा दिवस झाले. टपाल तीन दिवसांत पोचतं, परतीचे तीन धर. उरलेले अकरा दिवस तू माझं पत्र टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसला असशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. लहानपणी कोडं घातलं की तुला उत्तर येत असूनही तू गप्प बसायचास आणि मी चिडून स्वतःच सांगून टाकायचे.

तर आताही मीच सांगते. मागच्या पत्रात मी तुला शेंडी लावायला निघाले होते. चौथं प्रकरण कुठून सुचलं ते मला पक्कं आठवतं. ते तुझं व्याख्यान आहे. अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट वर्गात, मंगळवारी, दुसऱ्या तासाला तू ते दिलंस आणि मी मागच्या बाकावर बसून उतरवून घेतलं.

तू मला दारातून येताना पाहिलंस आणि हसलास. तुला वाटलं, बहीण ऐकायला आली. मधल्या सुट्टीत शिपायाला सांगून माझ्यासाठी चहा मागवलास, बिनसाखरेचा, न विचारता. मी प्यायले. तुझ्याविरुद्ध तक्रार आलीय, तीन जणांची चौकशी समिती नेमलीय आणि त्यातली एक मी आहे, हे तुला ठाऊक नव्हतं. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. चार दिवस त्या बाकावर बसले आणि चारही दिवस चहा प्यायले.

तक्रार होती तुझ्या एका विद्यार्थिनीची. तास सुरू होण्याआधी सर सगळ्यांना डोळे मिटून प्रार्थना म्हणायला लावतात, मी देव मानत नाही, मला उभं राहायला लाज वाटते, असं तिने लिहिलं होतं. ती तक्रार खरी होती दादा. सरकारी विद्यालय ते. तिथे तू शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवायला होतास. त्याआधी सहा वर्षं ईश्वरशास्त्राचा अभ्यास केला होतास तो तुझा प्रश्न. चाळीस जणांना डोळे मिटायला लावायचा अधिकार तुला नव्हता. त्या मुद्द्यावर मी पुन्हा सही करेन, डोळे उघडे ठेवून करेन.

पण अहवालात तो एकच मुद्दा नव्हता. पुढचं लिहायला आज जमत नाही. बारकी शाळेतून आलीय आणि दप्तर आपटून बसलीय, बघते काय झालं.

धाकटी


२ जुलै

दादा,

अजून तुझं काही नाही. बारा दिवस. मी मोजतेय हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

बारकीचं आधी सांगते, म्हणजे मला का सुचेनासं झालंय ते कळेल. त्या दिवशी तिच्या वर्गावर तपासनीस आले होते. हातात आमचं पिवळं हस्तपुस्तक, मनगटावर घड्याळ. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, हुशार आहे पण बोलायला वेळ लावते. अडखळत नाही, नुसती थांबते, आत कुठेतरी जाऊन आल्यासारखी. बारकीने तिला विचारलं की नदी वळण का घेते. मुलगी उभी राहिली आणि गप्प. बारकीही गप्प. पाऊण मिनिटाने मुलगी म्हणाली, बाई, नदीला सरळ जायचं असतं पण जमीन सगळीकडे सारखी मऊ नसते. तिसरीतली मुलगी!

तपासनीसांनी शेरा मारला : 'प्रतीक्षेचा काळ दहा सेकंदांहून अधिक. वेळेचा अपव्यय. पहा : हस्तपुस्तक, पान ४१.' लेखी समज मिळाली. आणखी एक मिळाली तर तिची नेमणूक कायम होणार नाही.

हे सांगताना ती रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, आई, तुमच्या खात्यातल्या कोणत्या शहाण्याने हे दहा सेकंद काढले? सगळ्या शाळांत हीच तऱ्हा आहे म्हणे. शिक्षक प्रश्न विचारतात आणि टेबलाखाली बोटं मोजतात. पोरांनाही कळलंय. एका वर्गात तर शिक्षकांनी प्रश्न विचारला की सगळी पोरं एका सुरात एक, दोन, तीन म्हणायला लागतात, दहा झालं की शिक्षक उत्तर सांगून मोकळे. हस्तपुस्तकावर माझं नाव नाही, समितीचं आहे. मी मूग गिळून गप्प बसले आणि तिला म्हटलं, हातपाय धुऊन घे.

आता तो शहाणा कोण ते तुला सांगते. तुझ्या तासाला मी जी वही घेऊन बसले होते तिचं डावं पान मी चौकशीसाठी ठेवलं होतं. उजव्या पानावर सहज म्हणून तुझं बोलणं उतरवत गेले, कारण ऐकावंसं वाटत होतं. त्याच महिन्यात हस्तपुस्तकाचं काम माझ्याकडे आलं होतं. डाव्या पानावरून मी अहवाल लिहिला. उजव्या पानावरून चौथं प्रकरण लिहिलं. एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर.

तू त्या दिवशी काय म्हणालास ते माझ्या अक्षरात आहे, समोरच आहे. तू म्हणालास, ईश्वरशास्त्र शिकायला गेलो तेव्हा पहिल्या वर्षी आम्हाला एकच गोष्ट घोटून शिकवली, की तुम्ही ज्याच्याबद्दल बोलताय तो तुम्हाला पुरता कळलेला नाही आणि कळणारही नाही, म्हणून बोलून झालं की गप्प बसा. मग म्हणालास, ही सवय मी तिथून उचलली आणि वर्गात आणली. समोरचं मूल मी घडवलेलं नाही. त्याच्या आत काय आहे ते मला ठाऊक नाही. प्रश्न विचारला की मी थांबतो, कारण ज्याच्याबद्दल आपल्याला सगळं कळलं असं वाटतं त्याच्याशी आपलं बोलणं संपलेलं असतं. तुमच्यापैकी ज्यांना देव नको त्यांनी देव बाजूला ठेवा, पण हे न कळणं बाजूला ठेवू नका.

मी देव बाजूला ठेवला. ते ठीकच होतं. पण खात्याच्या तेव्हाच्या तक्त्यात 'मोजमाप' असा रकाना होता. शिक्षकाने काय करावं ते मोजता येईल असं लिहा, नाहीतर तपासणार कसं, असा हुकूम. 'न कळणं' कशाने मोजणार? मग मी लिहिलं : 'प्रश्न विचारल्यानंतर शिक्षकाने दहा सेकंद थांबावे.' नऊ का नाही, अकरा का नाही, देव जाणे. बघ, सवयीने लिहून गेले, खात्याने वाचलं तर कात्री लावतील.

आणि अहवाल. प्रार्थनेच्या मुद्द्यावर तुला समज मिळाली असती आणि विषय संपला असता. तिसरा मुद्दा मी घातला : 'प्रश्नोत्तराच्या पद्धतीवरील व्याख्यान हे प्रत्यक्षात धर्मोपदेश होते.' त्या एका ओळीवर तुझे तास काढून घेतले आणि तुला दप्तरखान्यात बसवलं. चौथ्या दिवशी तू राजीनामा दिलास. बाकीच्या दोघांनी तो मुद्दा मागितलाही नव्हता. मला भीती होती, बहीण म्हणून सौम्य लिहिलं असं कोणी म्हणेल. आणि खरं सांगायचं तर, तू बोलत होतास तेव्हा चाळीस पोरं ज्या तऱ्हेने गप्प होती तशी मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या तासाला कधी नव्हती. मला ते बोचलं. नंतर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, सख्खा भाऊ असून बाई किती निःपक्षपाती. मला ते ऐकून बरंही वाटलं.

एवढं लिहायला मला नऊ वर्षं लागली. आता खरा प्रश्न. रकान्यात मी काय लिहू? तुझं नाव आणि ते व्याख्यान लिहिलं तर खालच्या टिपेप्रमाणे प्रकरण जाईल. 'स्वानुभव' असं लिहिलं तर प्रकरण राहील आणि मी आणखी नऊ वर्षं चोर राहीन.

धाकटी


१३ जुलै

दादा,

तुझं पाकीट काल आलं. उघडलं तर आत पत्र नाही, माझंच पान! हस्तपुस्तकातलं पान एक्केचाळीस, फाडून काढलेलं आणि लाल शाईने तपासलेलं. म्हणजे पिवळं पुस्तक तुझ्याकडे होतं. घडीवरून दिसतंय की पान बऱ्याच वेळा उघडलं गेलंय. तू सगळं ओळखून होतास आणि गप्प होतास. मला आधी राग आला, मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

'दहा सेकंद' वर तू आडवी रेघ मारलीस आणि समासात लिहिलंस, 'का थांबायचं, ते कुठे गेलं?' इतकंच. पानभर मजकुरात एवढी एकच खूण. बाकीच्या वाक्यांना हात लावला नाहीस. मी पुन्हा वाचून पाहिलं. तुझ्या देवाला काढताना मला काही जड गेलं नव्हतं, तो वाक्यातून अलगद निघाला. पण त्याच्याबरोबर कारणही निघून गेलं आणि मला पत्ता लागला नाही. मग रिकाम्या जागेत मी आकडा बसवला.

खाली लिहिलंस : 'नाव घालू नकोस. नावासकट प्रकरण जाईल. मुलांचं काय?'

आणि पानाच्या मागे, त्याच लाल शाईत, जे लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. 'ती विद्यार्थिनी बरोबर होती. पहिल्या दिवशी मी वर्गाला विचारलं होतं, प्रार्थनेला कोणाची हरकत आहे का. विचारलं आणि लगेच डोळे मिटले. एक क्षणही थांबलो नाही. वर्षभर तेच केलं आणि त्याच वर्षी तुला ते व्याख्यान ऐकवलं. तिचं नाव आठवत नाही, याची मला लाज वाटते.'

अरे दादा! मी नऊ वर्षं तुला मनातल्या मनात हट्टी, एककल्ली, देवाच्या नावाखाली मोठेपणा मिरवणारा ठरवून ठेवलं होतं. माझा तुझ्याबद्दलचा अहवाल तयार होता, त्यात भर घालायला जागा नव्हती. तू असं काही लिहू शकशील हे मला ठाऊक नव्हतं.

तिचं नाव माझ्याकडे आहे, वहीच्या डाव्या पानावर. हवं असेल तर कळवीन.

पण नावाबद्दल तू जे सांगतोस ते मला पटत नाही. मुलांचं काय म्हणतोस, पण मुलांपर्यंत ते पोचलंय कुठे? पोचलेत ते दहा सेकंद. एका मुलीला पाऊण मिनिट दिलं म्हणून माझ्या पोरीला लेखी समज मिळालीय. असलं प्रकरण वाचवून मी कोणाचं भलं करणार आहे? अजून बारा दिवस आहेत, विचार करते.

तुझं पाकीट यायच्या आधीच बारकीला मी सगळं सांगितलं होतं. दहा सेकंदांचा शहाणा कोण, तेही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पाकीट बघून म्हणाली, मामाचं ते पान मला दे, मला वर्गात लावायचंय. म्हटलं, लाव आणि दुसरी समज घे. दिलं नाही.

धाकटी


२६ जुलै

दादा,

काल बैठक झाली. क्रमाने सांगते, कारण तुझ्यापर्यंत दुसरीकडून काहीबाही पोचेल.

तिसऱ्या मजल्यावरची आमची नेहमीची खोली, काचेचं लांब टेबल, काचेखाली जुनी वेळापत्रकं. आम्ही सहा सदस्य आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे गणिताचे निवृत्त प्राध्यापक, अतिशय सज्जन माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. तक्ता फिरत फिरत माझ्याकडे आला. चौथ्या प्रकरणापुढच्या रकान्यात मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. तुझं पूर्ण नाव, त्यापुढे 'माझे बंधू', विद्यालयाचं नाव, व्याख्यानाची तारीख. आणि त्याखाली : 'मूळ विचार ईश्वरशास्त्रातून.' तू नको म्हणाला होतास. मी ऐकलं नाही, त्याबद्दल नंतर भांड.

सचिवांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, बाई, हे मग वगळावं लागेल, तुम्ही 'स्वानुभव' लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. आणि वही उघडून उजवं पान वाचून दाखवलं, मग डाव्या पानावरचा तिसरा मुद्दा. गेली नऊ वर्षं ज्या बाईची पाठ थोपटली तिच्याकडे आता कसं बघावं हे त्यांना कळेना.

मी माझं म्हणणं मांडलं. शाळेत कोणाला हात जोडायला लावू नका, या मताची मी कालही होते, आजही आहे. पण शिकवण्याबद्दलचे आपले कितीतरी विचार अशा माणसांकडून आलेत जे रात्रंदिवस देवाबद्दल विचार करत होते. ते विचार आपण वापरतो आणि कुठून आले ते खोडतो. खोडताना कधी कधी कारणच खोडलं जातं आणि हातात नुसता नियम उरतो. विचार वर्गात आणताना देव बाहेर ठेवता येतो. पण तो कुठल्या घरातून आला ते लिहायला काय हरकत आहे? म्हणजे निदान पुढच्या माणसाला कारण शोधायचं तर कुठे शोधावं ते कळेल.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वतःबद्दल बोलले, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी शाळेत रोज सकाळी प्रार्थना व्हायची. त्यांच्या घरचा धर्म वेगळा, म्हणून त्यांना आणि त्यांच्या भावाला ती संपेपर्यंत वर्गाबाहेरच्या पायरीवर बसवायचे. चार वर्षं. आत काय चालतं ते ऐकू यायचं आणि पहिल्या गणिताचा निम्मा भाग निघून गेलेला असायचा.

"बाई, देव वर्गातून काढला म्हणून माझ्यासारखी मुलं आत आली," ते म्हणाले. "आज तुमच्या भावाचं नाव घातलं तर उद्या दुसरा कोणी आपल्या देवाचा आधार घेऊन येईल. त्याला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

या प्रश्नावर मी अजून अडलेय दादा. तू असतास तर तूही अडला असतास असं मला वाटतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाने मला आत बसवलं असतं?"

मला पटकन हो म्हणायचं होतं. पण ते थांबले होते, खरंच थांबले होते, म्हणून मलाही खरं सांगावं लागलं. "बसवलं असतं," मी म्हटलं. "पण प्रार्थनेच्या वेळी तुम्हाला विचारून तुमच्या उत्तराला थांबला नसता. तो स्वतःच तसं म्हणतो." आणि तुझं लाल शाईचं पान त्यांच्यापुढे सरकवलं, दोन्ही बाजूंनी.

त्यांनी ते सावकाश वाचलं. मागची बाजू वाचताना त्यांची मान खाली होती. मग मत घेतलं. चार विरुद्ध दोन, प्रकरण वगळायचं. ठेवावं म्हणणाऱ्या दोघांत एक मी होते आणि दुसऱ्या विज्ञानाच्या बाई, ज्यांना देवाचं नाव काढलं तरी नाकाला मिरच्या झोंबतात. अध्यक्षांनी मत दिलं नाही. नियमाने त्यांना द्यावं लागत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. तेवढ्यात सचिवांना शंका आली. म्हणाले, ते दहा सेकंद कुठून आले? त्या व्याख्यानात आहेत का? म्हटलं, नाहीत, ते माझ्या डोक्यातून आले, बसमध्ये. म्हणाले, म्हणजे त्यांना धार्मिक आधार नाही. म्हटलं, कसलाच आधार नाही. तर म्हणाले, मग ते राहू द्या की. आणि दादा, ते राहिले! चौथं प्रकरण सगळं गेलं, आणि परिशिष्टात, मोजमापांच्या यादीत, 'प्रश्नोत्तर प्रतीक्षा : दहा सेकंद' हे एकटं राहिलं. मी हरकत घेतली, ती इतिवृत्तात नोंदवली. मला हसू येत होतं की रडू, ते अजून ठरलेलं नाही.

बैठक सुटल्यावर अध्यक्ष जिन्यात थांबले होते. त्यांनी विचारलं, त्या पानाची एक नक्कल मला मिळेल का, माझ्यासाठी, समितीसाठी नाही. मी काढून दिली.

आज सकाळी अध्यापक विद्यालयात जाऊन लेखी दिलं की अहवालातला तिसरा मुद्दा चुकीचा होता, तो मी बदनामीच्या भीतीने आणि असूयेने घातला, तो मागे घ्यावा. कारकुनाने अर्ज उलटसुलट बघितला आणि म्हणाला, यासाठी आमच्याकडे रकाना नाही. म्हटलं, मग शिक्का मारा आणि तुझ्या फायलीत लावा. माफ कर, त्यांच्या फायलीत, तुझ्या नावाच्या. पोच सोबत जोडली आहे. पुढच्या समितीत मला घेणार नाहीत, ते उघड आहे. घरात ह्यांनी एक कुंडी माझ्या नावाने लावलीय.

धाकटी


८ ऑगस्ट

दादा,

आज बारकीच्या शाळेत गेले होते. तपासनीस पुन्हा येणार होते म्हणून ती चार दिवस नीट जेवली नव्हती. मी म्हटलं, मी मागे बसते. म्हणाली, खात्याची म्हणून की आई म्हणून? म्हटलं, शहाणा म्हणून. तेव्हा हसली.

मागचं बाक तिसरीच्या मापाचं, माझे गुडघे छातीला लागत होते. तपासनीस दाराजवळ खुर्चीवर होते, मांडीवर पिवळं पुस्तक. बारकीने धडा घेतला आणि मग त्याच मुलीला उभं केलं. मला वाटलं, अगं सोड की आज तिला, दुसऱ्या कोणाला विचार. पण आमची बारकी मामावर गेलीय. विचारलं, पानं गळाली तरी झाड जिवंत आहे हे तुला कसं कळतं?

मुलगी गप्प. वर्ग गप्प. बारकी तिच्याकडे बघत उभी, हात मोकळे. आणि दादा, मी खाली पाहिलं तर माझी बोटं मांडीवर एक एक करून मिटत होती. सहा झाली होती. मी तो हात अंगाखाली दाबून धरला आणि त्यावर बसले.

किती वेळ गेला ते मला खरंच ठाऊक नाही. मुलगी म्हणाली, बाई, कळत नाही, पण मी त्याला पाणी घालते.

तपासनीसांनी काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही. कागद पुढच्या आठवड्यात येईल. समज आली तर तिची नेमणूक कायम होणार नाही, हे तिला ठाऊक आहे आणि तरी ती थांबली. आल्यावर जेवली मात्र पोटभर.

प्रार्थनेची तक्रार करणाऱ्या त्या विद्यार्थिनीचं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलाय. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिला लिहायचं की नाही ते तू ठरव.

एक विचारायचं राहिलं. या सगळ्या पत्रांत मी कबुल्या दिल्या, खुलासे केले, तुझ्याशी वाद घातला, आधाराचं नाव मागितलं, पण हे एक विचारलं नाही. विचारलं असतं तर लगेच त्याच पत्रात तुझ्या वतीने उत्तरही लिहून मोकळी झाले असते, मला माझी सवय ठाऊक आहे.

माझ्या हातून जे झालं त्यानंतर, तू घरी येशील का?

विचारलं. आता मी गप्प बसते, आणि या वेळी दिवस मोजणार नाही.

धाकटी